हवा कंपनीची नाही

मनसरच्या अलीकडे, बंद पडलेल्या मँगनीजच्या खाणीत
मला बोलावलं मोजायला.
एकतीस वर्षं मी इथलाच सर्वेअर.
लेव्हल, साखळी, टेप आणि एक वही,
टेकडीचा खड्डा होईपर्यंतचा हिशेब तिच्यात आहे.

नागपुराहून गाड्या आल्या तीन.
जरीपटक्याच्या लालवाणींची जर्मन, काळी, चौकोनी,
दार लागलं की तिजोरी लागल्याचा आवाज.
डॉक्टर मुलमुलेंची विलायती, पांढरी,
थांबली की उंटासारखी खाली बसते.
कळमन्याच्या बोंद्र्यांची जपानी,
डिक्कीत अजून मृग बहाराचा वास.

नियम लालवाणींनी तीनदा वाचला:
शोरूममधून आली तशीच हवी.
टायर तेच, स्प्रिंग तीच,
पुढे विंच नाही, खाली जादा पत्रा नाही.

मी बंपरखाली टेप धरला, कोन काढले.
छापील आकड्यांहून
तिन्ही अर्ध्या-अर्ध्या अंशानं कमी भरल्या.
"तुमचा टेप जुना आहे," डॉक्टर म्हणाले.
टेप जुना होता. जमीनही.

मुरमाचा चढ, अठ्ठावीस अंश.
जर्मननं तिन्ही कुलपं लावली
आणि तारीख मिळालेल्या वकिलासारखी चढून गेली.
विलायतीनं आधी पोट उचललं,
लुगडं सावरून नाला ओलांडावा तसं,
पडद्यावर स्वतःच्याच चाकांचा सिनेमा लावला;
डॉक्टर स्टिअरिंग नुसतं धरून होते.
जपानी चढली.
वहीत तिच्यापुढे एवढंच आहे.

मग खाणीतलं हिरवं पाणी, दोन फूट सात इंच.
विलायती म्हणते नऊशे मिलिमीटर चालेल.
पाण्याला मिलिमीटर ठाऊक नव्हते, तरी गेली.
इथवर कुणी कुणाला हरलं नव्हतं,
आणि तिघंही थोडे नाराज होते.

शेवटी शेजारचं रान. कपाशीची काळी माती,
पऱ्हाटी उपटलेली,
आणि रात्री कुणी तरी मोटर बंद करायला विसरलेलं.
जर्मन स्वतःच्या लांबीइतकी गेली आणि बसली.
कुलपं लागली होती. आता ती मातीनंही लावली.
विलायती तिरपी झाली
आणि मालकाच्या फोनवर निरोप पाठवला,
तुमची गाडी अडकली आहे.
मालक आतच होते.

बोंद्रे खाली उतरले. "इस्तारी, तू ने."
इस्तारी नेवारे, पगारी ड्रायव्हर,
चप्पल काढून चाकाशी वाकला.
आम्हाला वाटलं, पाया पडतो.
फुस्स.
काडेपेटीची काडी, एकेक वॉल्व्ह,
छत्तीसवरून सोळा.
टायरांची पोटं सुटली, जेवून बसलेल्या पाहुण्यांसारखी.
मग लो रेंज, म्हशीची चाल,
न थांबता, न रेटता, पल्याडच्या धुऱ्यावर.

"फाउल! गाडी बदलली!" चिखलातून लालवाणी.
"काय बदललं?"
"हवा!"
इस्तारी म्हणाला,
"हवा कंपनीची कशी होईन साहेब?
परवा कामठीच्या पंपावर भरली."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं.
वहीत हवेचा रकाना नव्हता.
मी नोकरीला लागलो तेव्हा डॉक्टरनं
छाती फुगवायला लावून मोजली होती,
सोडलेली मोजली नाही.
आता इंदोऱ्याच्या घरी दुसरा मजला चढताना
मीही कुठे कुठे थांबून थोडी सोडतो.
ते काही मी त्यांना सांगितलं नाही.
म्हटलं, लिहून ठेवतो.

ट्रॅक्टर यायला वेळ होता.
मला जपानीनं घराकडे नेलं,
मनसरच्या पंपावर आधी चारही चाकं.
बोंद्रे मागे फोनवर, शेकड्याचा भाव.
इस्तारी नळी धरून उकिडवा.
"काय लिवलं साहेब?"
"सोळा."
तो जरा थांबला.
"मागच्या डाव्यात साडेपंधरा होती."

खोडलं. साडेपंधरा लिहिलं.