ओहोटीतला बांध

बुधवारी करावे गावच्या आरोग्य केंद्रात
आईची साखर तपासायला गेलो होतो.
आईचं सगळं बरं निघालं.
तायडे सिस्टर म्हणाल्या, आता तुम्ही बसा.
मी कशाला? मला काय झालंय?
काही झालेलं नाही, म्हणूनच.

पाठ टेकवा. पाय जमिनीवर. पाच मिनिटं बोलू नका.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर चार मजले चढवलेल्या माणसाला
पाच मिनिटं गप्प बसणं जमत नाही.
खिशात फोन थरथरत होता,
दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूचं डिपॉझिट.
दंडावरचा पट्टा आवळत गेला,
थांबला,
मग सुस्कारत सैल झाला.

एकशे अडुसष्ट, एकशे चार.
मशीन बिघडलं असेल, मी म्हटलं.
त्यांनी दुसऱ्या हाताला लावलं.
दुसरा हातही तेच बोलला.

पुढच्या बुधवारी पुन्हा, त्याच्या पुढच्या बुधवारी पुन्हा.
मग डॉक्टरांनी गोळी लिहिली. रोज. बरं वाटलं तरी.
बरंच तर वाटतंय!
डोकं दुखत नाही, चक्कर नाही,
मग ही गोळी नेमकी कशावर?

बापूस मिठागरात होता,
पामबीचच्या खाडीकडल्या अंगाला, पामबीच नव्हता तेव्हा.
अमावास्येच्या उधाणाआधी तो बांधावर जायचा,
भर ओहोटीत. खाडी पार मागे सरकलेली,
आणि हा कंदील घेऊन वाकून वाकून
खेकड्यांची बिळं शोधतोय.
चिखलाचा गोळा, वर टाचेचा दाब. पुढचं बीळ.
मी विचारायचो, पाणी कुठंय?
म्हणायचा, पानी येल तवा बांध बघशील, का पलशील?

खांड गेली की लोक लाटेला शिव्या देतात.
तो बोटाएवढ्या बिळाला द्यायचा.

त्याच्या बांधावर मात्र कुणी कंदील धरला नाही.
छप्पन्नाव्या वर्षी, पहाटे, हातातून तांब्या सुटला,
तोंड डावीकडे गेलं.
लोक म्हणाले, अंगावरून वारं गेलं.
अकरा वर्षं खाटेवर.
त्याचा आकडा काय होता
ते आम्हाला कधीच कळलं नाही.

घरी चिठ्ठी वाचून दाखवली:
सुकट, पापड, लोणचं बंद. ताटात वरून मीठ नको.
आई गच्चीतल्या वाळत्या बोंबलांकडे बघत राहिली.
"तुजा बापूस मीठ पिकवाचा," म्हणाली,
"आन् त्याच्या पोराला मीठ मोजून?"
मग उठली.
चमचा तिने कधी वापरलेला नाही,
मीठ तिच्या बोटांना कळतं.
आज पाचांऐवजी तीन बोटांनी घेतलं,
त्यातलंही थोडं परत डब्यात सोडलं,
दोन आमसुलं जास्त टाकली
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
गप जेव.

अळणी होतं. खोटं कशाला बोलू, अळणीच होतं.

आता बुधवारी फोन घरी ठेवून जातो.
परवा एकशे छत्तीस, अठ्ठ्याऐंशी.
सिस्टर म्हणाल्या, अजून थोडं.

काल चुलतभाऊ हिरामण सोडायला आला होता,
एकेचाळीसचा, हळदीत पहाटेपर्यंत नाचणारा,
दारातच उभा, चावी बोटात फिरवत.
मला काय झालंय, म्हणाला.

मी खुर्ची ओढली.