साखरेच्या पुडीचं वळण

रविवारी अकराच्या सुमारास
माझ्या बारमध्ये शर्यत सुरू होते.
टीव्हीवरची दोन वाजता.

नेरिओ टोपी खुंटीला लावायच्या आधीच म्हणतो,
"ऐंशी टक्के यंत्र, वीस टक्के माणूस.
त्या पोराला निळ्या गाडीवर बसवा,
मग बघू किती गुडघा घासतो ते."
सान्ते लगेच बोलत नाही. ऑलिव्ह चघळतो,
बी बशीत टाकतो, टण्,
"तुझ्या बायकोचं शिवणयंत्र दे त्याला.
पावसात तिसरा येईल तो."

हे दोघं एकाच गल्लीतले, एकाच वर्षीचे,
एकमेकांच्या पोरांचे धर्मपिते.
पण लाल की निळी म्हटलं
की शेंडी तुटो की पारंबी तुटो.

मी दूध वाफेवर धरते. त्या फुसफुसाटात
अर्धा वाद वाहून जातो, तरी मला पाठ आहे:
टायर कितव्या फेरीला मऊ पडतात,
कुणाचा ब्रेक उशिरा, कुणाचं काळीज लवकर,
परवा ज्याचं खांद्याचं हाड मोडलं
तो आज आठ स्क्रू घेऊन कसा काय बसणार,
आणि आमच्या वेळी, हो, आमच्या वेळी
इंजिनात एरंडेल जळायचं,
तो वास नाकात असला की जेवण गोड लागायचं.

मग संगमरवरी टेबलावर रस्ता मांडतात.
कडेला साखरेच्या पुड्या, चमचा म्हणजे सरळ पट्टा,
ऑलिव्हच्या दोन बिया, एक पुढे, एक मागे.
आता कळतं घोडं कुठं पेंड खातंय.
ही आजची शर्यत नव्हेच.
एकोणसत्तरचा एप्रिल, खाली समुद्राकाठचं गाव,
विजेच्या खांबांना बांधलेले गवताचे भारे,
शेवटचं वळण.
आपल्या डोंगरातला रिबेल्ले पुढे होता.
आणि त्यानं मूठ ढिली केली.

अर्ध्या चाकानं गेली.
नेरिओ म्हणतो, कार्ब्युरेटर.
सान्ते म्हणतो, भीती.
"आणि भीती ही काही शिवी नव्हे," तो म्हणतो,
"तिच्यामुळेच तर तो इथं येतो."

कारण तो येतो. साडेअकराला,
अंड्यांची टोपली दाराशी ठेवून,
अर्धा ग्लास लाल वाइन, उभ्यानंच.
बाप अराजकवादी, म्हणून पोराचं नाव बंडखोर.
पोरगा जन्मात कुणाशी भांडला नाही.
त्याच्यादेखत त्याच्यावर वाद घालतात,
जणू तो भिंतीवरचा फोटो आहे.
विचारलंच तर या रविवारी कार्ब्युरेटर म्हणतो,
पुढच्या रविवारी भीती.
ज्याची बाजू पडती, त्याच्याकडून बोलतो.

गेल्या रविवारी पावसानं शर्यत खोळंबली.
टीव्हीवर ताडपत्र्या, छत्र्या, जाहिराती.
वाद हातघाईवर आला. सान्तेचं बोट बीवर,
नेरिओचं बोट सान्तेच्या बोटावर.
रिबेल्ले दुसरा ग्लास घेऊन रेंगाळला होता.
टेबलापाशी आला, चष्मा कपाळावर चढवला,
आणि उजव्या हातानं, ज्याचं मनगट पुरतं वळत नाही,
एक पुडी
नखाएवढी आत सरकवली.
"वळण एवढं होतं," म्हणाला.
पैसे ठेवले. उरलेली अंडी घेऊन गेला.

हिरवा दिवा लागला, गाड्या सुटल्या,
तरी दोघं टीव्हीकडे पाठ करून
पुडीकडे बघत बसले.
"म्हणजे यंत्रच," नेरिओ पुटपुटला.
"म्हणजे माणूस," सान्ते.
शर्यत कुणी जिंकली ते मलाच सांगावं लागलं.

रात्री टेबल पुसताना फडकं
त्या पुडीला वळसा घालून गेलं.
का, ते विचारू नका. माझा जन्म बहात्तरचा.

सोमवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर फादर आले,
नेमके त्याच टेबलावर बसले,
वळण फाडलं
आणि कॉफीत ढवळलं.