सुट्टे

अण्णांच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात
माझी खुर्ची रस्त्याकडं तोंड करून होती.
मागं पाच मशीनी, पुढं सेलूचा स्टेशन रोड,
जिनिंगकडं चाललेल्या कापसाच्या गाड्या.
दहाची नोट घ्यायची, रुपया-रुपयाचे सुट्टे द्यायचे.
पोरीनं मागं वळून बघू नये
असं कोणी म्हणालं नव्हतं.
फक्त खुर्ची फरशीला ठोकलेली होती.

मी खेळ बघितले ते कानानं.
मुंजाजी खिदळला की पूल ओलांडला.
वाजेदनं "मर गया यारो" म्हणत मशीनला लाथ घातली
की तिसरा जीव गेला.
आणि सगळेच गप झाले,
पंख्याची करकर तेवढी उरली,
की समजायचं, राक्षस आला,
पाचही मशीनींवरची पोरं
आता एकाच्याच पाठीशी उभी आहेत.

सव्वीस वर्षं झाली.
आज त्याच रोडवरच्या टॉकीजला
भाच्याला घेऊन आले, दुपारच्या खेळाला.
गेममधल्या माणसांचं कार्टून.
उड्या मारून मारून गुडघे गेलेला एक नायक,
त्याला एकदाच खाली बसायचंय.
बसायचं बटणच नाही.

पहिल्या उडीला लेकरं अशी ओरडली
की वरच्या पत्र्यावरची कबुतरं हलली.
जिंतूरकडून आलेले एक बाबा, मांडीवर नातू,
मोठ्यांदा म्हणाले, "पर ह्याला दाबतंय कोण?"
हशा झाला. एकानं शिट्टी मारली.
उत्तर कोणीच दिलं नाही,
पडद्यानंही तासभर दिलं नाही.

माझ्या पुढच्या रांगेत नगरपालिकेचा खाकी शर्ट,
कानावर पांढरे केस.
त्याची बोटं खुर्चीच्या दांडीवर आपोआप चालली होती:
दोनदा टक टक, मग एक लांब दाब.
पळत येऊन मारलेली उडी.
हा आवाज माझ्या पाठीला पाठ आहे.
नाव विचारावंसं वाटलं.
विचारून काय सांगणार होते,
मी गल्ल्यावर बसायची ती?
ह्यानं माझीही पाठच बघितलेली.

मग नायक कड्यावरून घसरला,
आणि टॉकीज गप झाली.
चिप्सच्या पुड्या गप,
बाबा गप,
खाकी बोटं दांडीवर उचललेली, तशीच.
कूलरची करकर.

मी वळले.
सिनेमा सोडून, खुर्चीत गुडघा टेकवून,
सरळ मागं तोंड करून बसले.

बापरे, केवढी तोंडं!
निळी होत होती, मग गुलाबी, मग हिरवी.
एका पोरीनं वेणीच तोंडात धरलेली.
एक बाई लेकराचे डोळे झाकून
स्वतः बोटांच्या फटीतून बघत होती,
खरं तर लेकराच्याच बोटांच्या.
डोअरकीपर बॅटरी चालू ठेवून विसरून गेलेला,
उजेडाचा ठिपका त्याच्याच चपलेवर.
असं होतं तर हे.
सगळी वर्षं माझ्या पाठीमागं
असं होतं.

"मावशे, तिकडं काय बघायलीस, इकडं बघ की!"
भाचा ओढत राहिला.
टाळ्या पडल्या, मी टाळ्या बघितल्या.

बाहेर ऊन रटरटत होतं.
रसवंतीच्या बाकड्यावर लेकरांचं भांडण लागलेलं.
"बसला तो शेवटी!"
"बसला नाही बे, पडला."
"पडून मग बसला."
वेणीवाली म्हणाली, त्याला कोणीतरी बसवलं,
वरून एक हात आला होता.
हात आला होता का, यावर दोन तट पडले.
माझ्याकडं सगळे न्याय मागायला आले.
मला काय माहीत.

खाकी शर्ट सायकलचं कुलूप काढत होता,
एकदा माझ्याकडं बघितलं,
मग घंटीवर उगाच दोनदा टक टक.
गेला.

रसवाला शंभराची नोट उलटीपालटी करत म्हणाला,
"ताई, सुट्टे नाहीत का?"

पर्स उघडायच्या आधीच
लेकरं पुन्हा पहिल्या उडीपाशी आली होती.