राखण

शेवटच्या चार वळणांवर मी उतरलोच.
सायकल ढकलत, दम खात, बुटात खडे घेऊन
खिंडीत पोचलो, तर त्लाली तिथे आधीच बसलेला.
गमबूट, घोंगडी, घोंगडीला हातभर पिन,
आणि लेसोथोचा तो हाडांत शिरणारा वारा.

नाव सांगितलं, अर्थही: वीज.
मग सीटवर हात ठेवून
काहीच बोलला नाही.
मीच म्हटलं, घे.

"एक्केचाळीस!" एवढंच ओरडला जाताना.
घोंगडी फुगली,
पहिलं वळण, दुसरं,
तिसऱ्याला नुसती धूळ.

उरल्या मेंढ्या आणि मी.
हुर्र केलं, हड केलं, शिव्याही दिल्या मराठीत,
एकीनेही मान वर केली नाही.
मोजल्या: चाळीस.
परत मोजल्या: एकोणचाळीस.
ऊन समोरच्या कड्यावरून सरकत वर गेलं,
दरीत कुणाच्या तरी चुली पेटल्या,
आणि पोटात गोळा आला:
हा परत नाही आला तर
एवढ्या जिवांना घेऊन मी जाऊ कुठे?
सायकल तर मनातही आली नाही.

अंधार पडता पडता आला,
ढकलत, दम खात, माझ्यासारखाच.
"फार उंच आहे हो ही खिंड," म्हणाला,
रोज इथेच चढणारा पोरगा.

कळपावरून एकदा नजर फिरवली,
खडकाकडे तोंड करून शीळ घातली.
दोघी बाहेर आल्या,
तोंडात अजून गवत.