ब्याण्णव बाय ब्याण्णव

दाराच्या पत्र्यात चौकोन कापायचा
ब्याण्णव बाय ब्याण्णव. एक मिलिमीटर जास्त झाला
तर मीटर हलतो पडायला आलेल्या दातासारखा,
कमी झाला तर बसतच नाही.
म्हणून मी आधी कमी कापते, मग कानस घेते,
आणि शेंदुरजन्याच्या आमच्या टिनाच्या शेडमध्ये
दुपारभर एकच आवाज: घस, घस.
अश्वघोष म्हणतो, ताई, मशीन घेऊ नं आता.
मी म्हणते, बिजव्यांचे पैसे येऊ दे.

बिजवे म्हणजे दोन चुलतभाऊ आणि एक डीपी.
गुणवंतरावांची दालमिल,
तुकेश्वररावांचं संत्र्यांना मेण लावायचं मशीन,
मधे भिंत, भिंतीखालून एकच केबल.
बिल एक यायचं. मग बाजेवर बसून नऊ वर्षं तेच:
तुहा पट्टा रातभर चालते.
तुही मोटर जुनी हाय, जास्त खाते.

तयार पॅनल चाललं नसतं.
भिंतीतलं भोक सव्वादोन फूट, आणि दोघांनाही
आपल्याच बाजूनं दार पाहिजे.
म्हणून दोन दारांची पेटी केली. पाठीला पाठ लावून
दोन मीटर, आतमध्ये तांब्याच्या त्याच तीन पट्ट्या,
लाल, पिवळी, निळी बाही घातलेल्या.
रेखाटन मी सात वेळा खोडलं.
जागा इतकी कमी की सीटीच्या कड्या सरकवताना
बोटांची सालं गेली.

मिल सुरू झाली तेव्हा सगळे जमले.
लाल एकवीस. निळा एकवीस.
पिवळ्याच्या आधी आडवी रेघ:
उणे एकवीस.
म्हणजे तूर भरडता भरडता गुणवंतराव
कंपनीला वीज परत देत होते.
बेरीज एकवीस, जिथे त्रेसष्ट पाहिजे.

मला लगेच समजलं. एक कडी उलटी गेली होती,
माझ्याच हातानं, त्या अंधाऱ्या कोपऱ्यात.
गुणवंतराव हळूच म्हणाले,
राहू दे नं बाई. बरोबरच दाखवते ते.
तीन पेट्या संत्री पाठवतो घरी.
भिंतीपलीकडे तुकेश्वरराव खोकले.

आयटीआयला शेगोकार सरांनी
फळ्यावर खडू आपटून एकच गोष्ट शिकवली होती:
चालू सीटीची वायर उघडी सोडू नये.
वाट मिळाली नाही की करंट फणा काढतो.
मिल बंद करा, मी म्हटलं.
भरडलेली डाळ अर्ध्यात थांबली. मजूर पायरीवर बसले,
कोणी तंबाखू मळली. मी लिंक मारली,
एस-वन काढली, एस-टू काढली,
अदलाबदल केली, फेरूलचे नंबर बदलले,
आणि डायरीत तारीख घालून लिहिलं: चूक माझी.

महिन्यानं खांबावरच्या मीटरशी ताळा केला.
दोघांची बेरीज पासष्ट युनिट कमी पडली.
पुन्हा बाज, पुन्हा दोघं,
पहिल्यांदाच दोघांनी एकाच माणसाकडे
डोळे वटारले. माझ्याकडे.
मी म्हटलं, थोडी मीटरची चूक असते,
बाकीचे पेटीनं खाल्ले. तिचे सहा दिवे, तिचा पंखा,
आणि दोन्ही मीटर स्वतः.
मोजायला पण लागते, काका.

गुणवंतराव बराच वेळ काहीच बोलले नाहीत.
मंग दिवे काहाले लावले, असं तुकेश्वरराव म्हणाले,
आणि खिशातून पेन काढून
पासष्टच्या खाली दोन लिहून भागायला बसले.
साडेबत्तीसवर अडले. तो अर्धा युनिट कोणाचा,
ते ठरायच्या आत मी गाडीला किक मारली.

घरी आई दूध तापवत होती.
पातेल्यावर झाकण म्हणून ठेवलेला
ब्याण्णव बाय ब्याण्णवचा पत्रा,
एका दाराचं भोक.
दुसरं बाजेच्या आखूड पायाखाली आहे.