नूतनीकरण

दर तिसऱ्या वर्षी मी पुन्हा सिद्ध करतो
की मला पाणी कळतं.
दोन फोटो, आयटीआयचा दाखला, भरलेलं चलन,
पत्त्याचा पुरावा : नाना पेठ, दुसरा मजला,
जिथं मोटर लावल्याशिवाय पाणी चढत नाही.

सुहास खळदकर, परवानाधारक नळ कारागीर.
माझ्या सहीनं अर्ध्या इंचाचा जोड मिळतो,
माझ्या सहीनं मैलापाणी वाटेला लागतं,
माझ्या सहीशिवाय घोरपडे पेठेत
कुणी टिकावही उचलायचा नाही, असा नियम आहे.
उचलतात. ते वेगळं.

खोदाईचा अर्ज वेगळा.
लांबी, रुंदी, खोली,
रस्ता डांबरी की काँक्रीटचा,
दर मीटरमागे.
काँक्रीट म्हटलं की घरमालक आधी प्यायला पाणी मागतो.
सोबत नकाशा, वाहतूक पोलिसांचं ना हरकत.
पावसाळ्यात खोदाई बंद.
पाइप मात्र बारमाही फुटतात.

तर परवा पहाटे साडेचारला,
गल्लीत पाणी सुटायच्या वेळी,
तिम्माण्णा धोत्रे वडारवाडीहून सायकलवर आला.
कॅरिअरला त्याची ती सळई, चार फुटी,
वरच्या टोकाला लाकडी वाटी,
कानाच्या घामानं काळी पडलेली.
मी बॅटरी धरली. त्या वेळी मला एवढंच येतं.
त्यानं सळई रस्त्यावर टेकली, कान लावला
आणि हातानं मला गप्प केलं.
मी बोलत नव्हतो. श्वास घेत होतो.

दोन पावलं. पुन्हा टेकली. पुन्हा.
एका कुत्र्याला हाकललं.
दुधाचा टेम्पो जाईपर्यंत थांबला.
मग चपलेनं फुली मारली : हितं.
"बिडाचा हाय, जुना. सांधा गळतोय, पाइप न्हाई."
मी विचारलं, फरक कसा कळतो?
"पाइप फाटला की फुरफुरतो.
सांधा हळू बोलतो.
भिंतीपल्याड नवरा-बायकू पैशाचं बोलत्यात तसा."

खणलं. सांधाच होता.
नकाशात तो पाइप
रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला आहे.
नकाशावर सही माझी.

तिम्माण्णा चौथीत शाळेतून उठला.
परवान्याला दहावी लागते.
एकदा म्हणालो, बाहेरून बस परीक्षेला.
हसला. "भूगोलात पास व्हईन," म्हणाला,
"वरच्या न्हाई, खालच्या."

अर्जात रकाना सातवा : अनुभव, वर्षांत.
मी एकतीस लिहितो.
लिहिताना पेन जरा अडतं दर वेळी,
शाई वाळली असेल म्हणून
मी ते झटकतो.

यंदा का कोण जाणे,
कागद उलटा केला आणि पाठीवर लिहिलं :
वरील अनुभव तिम्माण्णा रामा धोत्रे यांच्या
उजव्या कानाचा.
डावा ब्रेकर मशीननं नेला,
काम माझ्या परवान्यावर चालू असताना.

खिडकीत इनामकेबाई.
त्यांनी पिन काढली, कागद सरळ केला,
यंत्राच्या काचेवर पालथा घातला.
माझं अक्षर वर आलं.
उजेडाची पट्टी खालून सरकत गेली,
सही, फोटो, एकतीस वाचत,
आणि तेवढा वेळ
आम्ही दोघं वरचं वाचत राहिलो.
"मागची बाजू घेत नाही हो हे," त्या म्हणाल्या.
मग शिक्का शाईत दाबला, जरा जास्तच.
"तीन वर्षं. पुढच्या खेपेला फोटो नवा आणा,
हा तुमच्यासारखा दिसत नाही आता."

बाहेर आलो तर कार्यालयाच्या आवारातला नळ,
जो मी तीन नूतनीकरणं गळताना पाहतोय,
तिम्माण्णानं खोलून ठेवलेला.
तोंडात जुना वायसर, हातात नवा.
"झालं?" त्यानं दातांमधून विचारलं.
झालं म्हणालो,
आणि आडोसा धरून उभा राहिलो,
वॉचमनला दिसू नये म्हणून.