मोराच्या मानेपाशी

लहानपणी अंगावर मोर असायचा.
लाल चादर, पांढरा मोर.
ताप आला की मी त्याची पिसं मोजायचे,
तेराव्याच्या आसपास झोप लागायची.
कापडातलं मला तेवढंच कळत होतं.

मग अशोक चौकामागच्या कारखान्यात
तपासणीला लागले.
पहिल्याच दिवशी राजमल्लू गुंडेटींनी
टेबलावर चादर पसरली, ती उलटी.
"इकडून बघ. सुलटी बाजू गिऱ्हाईकाची."

सहा महिने उलटंच पाहिलं.
तुटका ताणा, चुकलेला बाणा, तेलाचा डाग,
कांडी बदलताना उमटलेली बोटभर पट्टी.
खडूची खूण करायची, पुढे सरकायचं.
कानात माग, नाकात पूस,
घरी आल्यावरही हात कापड चाचपायचे.

मोर गेला.
उरली खाली-वर होणारी सुतं
आणि त्यांना हुकूम सोडणारे भोकाभोकांचे पत्ते.
भावाच्या लग्नात शालू उघडला, सगळ्या "अय्या" म्हणाल्या.
मी काठाचा सांधा बघत होते.
वहिनी अजून ते विसरलेली नाही.

जेवणाच्या सुट्टीत म्हटलं,
काका, मला आता काही छानच दिसत नाही.
त्यांनी कडक भाकरीचा तुकडा मोडला,
चटणीचं बोट पुसलं,
आणि फळीवरची एक जुनी चादर ओढली.

"मान बघ मोराची.
ग्राफाच्या कागदावर वळण नसतंय,
नुसत्या पायऱ्या असतात.
इथं एक घर सोडलंय त्यानं. इथं दीड.
म्हणून मान वळली."
कुणी?
"होता एक बोड्डू. पत्ते ठोकायचा.
चष्म्याला दोरा बांधलेला."
एवढंच. भोंगा झाला.

त्या चादरीपाशी मी उभीच राहिले.
सोडलेलं ते एक घर,
त्यात काहीच नव्हतं,
आणि सगळा मोर तिथूनच मागे वळून बघत होता.

रात्री ट्रंकेतून माझी चादर काढली.
मान ताठ. सरळसोट पायऱ्या.
बोड्डूचा हात नव्हता तो, कुणा शिकाऊचा असेल.
वाईट वाटेल असं वाटलं होतं.
पंख्याखाली पडून पिसं मोजायला लागले,
बारा, तेरा,
आज जागी होते म्हणून चौदा.

चौदाव्यात बाणा चुकलेला.
हात सवयीनं खडू शोधत गेला
आणि उशीवरच थांबला.
मागावरच्या कुणाला तरी त्या पाळीत
इथेच, या पिसापाशी,
माझ्यासारखीच झोप लागली असणार.